दवातला माग

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं गेलं नाही. आधी गुडघे, मग दिवाळी, मग दिवाळीनंतरचे पाहुणे... नेहमीचीच कारणं. पण गेल्या पंधरवड्यात घरी असं काही घडलं की ते लिहिल्याशिवाय चैन पडेना. घाबरू नका, सगळे सुखरूप आहेत. (अमेरिकेतल्या मंडळींसाठी आधीच सांगून ठेवते, नाहीतर मध्यरात्री फोन यायचा.)

ज्यांनी आमचं बुलढाण्याचं घर पाहिलंय त्यांना मागची हिरवळ आठवत असेल. हिरवळ म्हणजे काय, जेमतेम वीस पावलांचा गवताचा तुकडा. ह्यांनी निवृत्तीनंतर हौसेने लावलेला. हे गेल्यापासून मी सांभाळते. त्याच्या कडेला निशिगंधाचा वाफा, मग तारेचं कुंपण आणि पलीकडे राजूर घाटाच्या बाजूला उतरत जाणारं झाडोऱ्याचं रान.

कार्तिकात आमच्याकडे दव चांगलं पडतं. पहाटे हिरवळ पांढुरकी दिसते. त्या दिवशी चहाचा कप घेऊन मागच्या दारात उभी राहिले, तर त्या पांढुरक्या गवतावर एक गडद पट्टा! कुंपणापासून निघालेला, जरा वेडावाकडा, थेट निशिगंधापर्यंत गेलेला. कोणीतरी पायाने दव पुसत गेल्यासारखा. ऊन वर आलं तसा तो दिसेनासा झाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी वाफ्याला पाणी दिलेलं होतं, त्यामुळे काठच्या चिखलात ठसे सापडले.

कामाला येणाऱ्या मावशी खाली वाकल्या आणि त्यांनी चक्क हात जोडले. "बाई, हे तं महालक्ष्मीचे पावलं हायेत!"

मी पाहिलं, आणि खरं सांगते, अंगावर काटा आला. भाद्रपदात महालक्ष्म्या बसवताना आपण दारापासून आतपर्यंत पावलं काढतो ना, मूठ वळून बाजूने टेकवायची आणि वर बोटाने पाच ठिपके द्यायचे, अगदी तशीच पावलं. रांगत्या बाळाला कोणी उभं करून चालवावं इतकी लहान. टाच, तळवा, बोटं, सगळं. भाद्रपद संपून दोन महिने झालेले. आणि बाळाचं म्हणाल तर आमच्या गल्लीत सध्या सगळ्यात लहान मूल सातवीत आहे.

शेजारच्या भाऊंचं मत वेगळं. ते म्हणाले, "वाघ." त्यांचं दरवेळी वाघच असतं, पण त्यांनाही पूर्ण दोष देता येत नाही. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेला एक तरुण वाघ २०१९ च्या जूनमध्ये तिथून निघाला, तेलंगणात आदिलाबादकडे जाऊन आला, नांदेड, हिंगोली, वाशीम करत डिसेंबरात आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तेराशे किलोमीटरच्या वर चाल! त्याचं सरकारी नाव टी-१-सी-१, लोकांनी ठेवलेलं नाव वॉकर. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून त्याचा रस्ता कळला, नाहीतर शेताशेतांतून रात्रीचं चालणारं हे जनावर कोणाला दिसलं असतं? पुढे २०२१ च्या मार्चमध्ये तो गौताळ्याच्या अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात सापडला, म्हणजे इथूनही गेला. पण तेव्हापासून बुलढाण्यातल्या प्रत्येक कुत्र्याचा पाय वाघाचा झाला आहे. मी भाऊंना म्हटलं, वाघ-बिबटे नख्या आत ओढून चालतात, ठशात नखं उमटत नाहीत. इथे नखांच्या खुणा आहेत. "मग अस्वल," ते म्हणाले. आता हे मात्र अगदीच हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. ज्ञानगंगेत अस्वलं आहेत आणि अस्वलाचं मागचं पाऊल माणसाच्या अनवाणी पावलासारखं उमटतं. पण अस्वलाची बोटं जवळजवळ एका ओळीत असतात आणि नखं लांबवर टेकतात. शिवाय एवढंसं अस्वल आलं तर मागून आई येणारच की!

तर मी ठरवलं, आपण नीट माग काढायचा. संध्याकाळी बागेतली माती बारीक चाळणीने चाळली, पट्ट्याच्या वाटेवर दोन हात रुंद पसरली आणि फळीने सारखी केली. हे करताना मला सारखे ते दहा दिवस आठवत होते. माणूस गेल्यावर दिव्याजवळ पीठ पसरून टोपलीखाली झाकतात आणि मग त्यावर कसलं पाऊल उमटलं ते बघतात, गेलेला जीव कोणत्या जन्माला गेला ते सांगतात. ह्यांच्या वेळी वन्सं वाकून बघून म्हणाल्या, "पाखराचं पाऊल आहे." मला तर तिथे मुंगी गेल्यासारखी एक रेघ दिसली होती. मी काही बोलले नाही. त्यांना पाखरू हवं होतं.

असो. विषय मागाचा आहे.

"माग" हा आपला किती जुना शब्द! माग काढणे, मागोवा घेणे, मागमूस नसणे. संस्कृतातला मार्ग हा शब्दसुद्धा मृगाशी जोडतात. म्हणजे रस्ता आधी जनावराचा, मग आपला. पस्तीस वर्षं इतिहास शिकवला मी, आणि गावगाड्यातले अलुतेदार-बलुतेदार मुलांकडून घडाघडा पाठ करून घेतले. सुतार नांगर करतो, कुंभार मडकी देतो, महार गावची राखण करतो. राखण करतो म्हणजे नक्की काय करतो, हे मी एकदाही विचारलं नाही, आणि मुलांनी तरी का विचारावं?

पेशवाई संपल्यावर १८१९ मध्ये माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने जिंकलेल्या मुलखाबद्दल एक मोठा अहवाल कलकत्त्याला पाठवला. त्यात गावच्या राखणदाराचं काम तपशिलाने लिहिलं आहे. हा राखणदार बहुधा महार, भिल्ल किंवा रामोशी. रात्री गस्त घालायची, गावात कोण आलं कोण गेलं ते लक्षात ठेवायचं, आणि चोरी झाली की चोराचा पायमाग काढायचा. खरी गंमत पुढे आहे. माग काढत काढत तो दुसऱ्या गावाच्या शिवेपर्यंत गेला आणि त्या गावच्या राखणदाराची खात्री पटली की हा माग तुमच्या हद्दीत शिरला, की पहिला सुटला. आता दुसऱ्याने पुढे न्यायचा. असं करत ज्या गावाच्या हद्दीत माग विझला ते गाव चोरीच्या मालाला जबाबदार! विचार करा, एका पुसट टाचेवरून आख्ख्या गावाला भरपाईची टांगती तलवार. शिवेवर दोन गावचे राखणदार उकिडवे बसून एका ठशावर किती भांडले असतील! आपला वऱ्हाड तेव्हा निजामाकडे होता, हा अहवाल आपल्याबद्दलचा नव्हे, पण आपल्या उशाशी असलेला खानदेश त्यात आहे. आणि वऱ्हाडातही गावची राखण आणि शिवेची माहिती महाराकडेच असे.

गुजरातेत अशा माणसाला पगी म्हणतात, पग म्हणजे पाय. बनासकांठ्याकडच्या रणछोड पगींनी १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत वाळवंटातल्या पाऊलखुणा वाचून आपल्या सैन्याला मदत केली, हे अलीकडे एका सिनेमामुळे बऱ्याच जणांना कळलं. आपल्याकडच्या मागकऱ्यांवर सिनेमा कोण काढणार?

हे वाचताना "काय ती विद्या होती, गेली हो" असं माझ्या तोंडात आलंच होतं. पण ही विद्या ज्याच्याकडे होती त्याला ती सोडायची सोय नव्हती. वतनात जन्मला म्हणून रात्री-अपरात्री, पावसात, आजारपणात बोलावणं आलं की उठायचं, आणि बदल्यात तुटपुंजी जमीन आणि दारोदार मागायचं बलुतं. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाच्या प्रश्नावर विधेयक मांडलं ते उगीच नाही. तेव्हा हळहळताना जरा जपून.

दुसऱ्या बाजूला पारधी. रानातला माग त्यांच्याइतका कोण वाचणार? आणि त्याच पारध्यांसारख्या अनेक जमातींना इंग्रजांनी १८७१ पासून गुन्हेगार जमातींच्या कायद्यात घालायला सुरुवात केली. जन्मतःच गुन्हेगार. हजेरी द्यायची, गाव सोडताना परवानगी घ्यायची. स्वातंत्र्यानंतर पाच वर्षांनी, ३१ ऑगस्ट १९५२ ला तो शिक्का कायद्याने पुसला. कायद्याने.

आता जे लिहिते आहे ते घरातही कोणाला सांगितलेलं नाही. ह्यांना माहीत होतं.

१९८३ ची गोष्ट. मी तालुक्याच्या एका शाळेत होते. सहलीची जमवलेली वर्गणी ऑफिसच्या कपाटातून गेली. पावसाळ्याचे दिवस, आणि ऑफिसच्या फरशीवर चिखलाची अनवाणी पावलं वाळलेली. माझ्या वर्गात अनवाणी येणारी मुलं तेव्हा दहा-बारा तरी होती. मी उभं केलं ते एकालाच. तो पारध्यांच्या पालावरून येत असे. मी त्याला ऑफिसात नेलं आणि त्या ठशाशेजारी पाय ठेवायला लावला. ठसा त्याच्या पायापेक्षा बोटभर मोठा होता, तरी मी म्हणाले, "चिखलात पाय पसरतो." बारा वर्षांचं पोर, काही बोललं नाही. खिडकीतून वर्ग बघत होता.

दुपारी त्याचा बाप आला. आरडाओरडा नाही, काही नाही. दारातच थांबला, आत पाऊल टाकलं नाही. उकिडवा बसला आणि उजेड तिरपा यावा म्हणून माझ्या सहकाऱ्याला खिडकीतून बाजूला व्हायला सांगितलं. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "बाई, हा रोज जोड्यात रायनारा पाय हाय. बोटं पाहा, एकमेकाले चिकटले. आमचे बोटं अशे रायते काय?" आणि बाहेरच्या ओल्या मातीत त्याने स्वतःचा पाय टेकवून दाखवला. पाचही बोटं पंख्यासारखी सुटी, अंगठा तर पार बाजूला. शेजारी मुलाचा पाय टेकवला, तसाच. मग आतल्या ठशांकडे बोट केलं. "सरळ कपाटाकडं गेला. कुठं थांबला नाई, चाचपला नाई. घरचा मानूस हाय."

ऑफिसात आम्ही सहा जण होतो. सहाही जणांच्या पायात चपला-बूट होते.

दोन दिवसांनी पैसे टेबलाच्या खणात सापडले. कोणी विचारलं नाही, कोणी सांगितलं नाही. मी त्या मुलाला बोलावून माफी मागितली का? नाही. वर्गासमोर तर नाहीच. दिवाळीनंतर तो शाळेत आला नाही. डिसेंबरात एकदा मुद्दाम वाट वाकडी करून पालांकडे गेले, तर तिथे तीन दगडांची चूल आणि राख होती. त्याच वर्षी मी वर्गात बेंटिंकने ठगांचा बंदोबस्त केला ही त्याची थोर सुधारणा म्हणून शिकवत होते. १८७१ च्या कायद्याबद्दल त्या धड्यात एक ओळ नव्हती, आणि मीही पदरची घातली नाही.

ठसा खोटं बोलत नाही म्हणतात. ठसा काही बोलतच नाही, बोलतो तो बघणारा. वाघांच्या शिरगणतीचंच बघा ना. ओडिशातले वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनी १९६६ मध्ये पायाच्या ठशांवरून वाघ मोजायची पद्धत काढली. ठशावर काच धरायची, काचेवर पेनाने त्याची कड गिरवायची, मग कागदावर उतरवायची. मुख्यतः मागचा डावा पाय. १९७२ च्या पहिल्या देशव्यापी गणतीत १,८२७ वाघ भरले, पुढच्या वर्षी व्याघ्रप्रकल्प सुरू झाला. आपलं शेजारचं मेळघाट पहिल्या नऊ प्रकल्पांत होतं. आमच्या जिल्ह्यातलं, संग्रामपूर तालुक्यातलं अंबाबरवा अभयारण्यही आता त्याच मेळघाट प्रकल्पात आहे. चौधरींची नजर तयार होती. पण पुढे हीच काच हजारो कर्मचाऱ्यांच्या हाती गेली. मऊ मातीत पाय मोठा उमटतो, घट्ट मातीत लहान, चढावर वेगळा, मग एकाच वाघाचे दोन-तीन वाघ व्हायला कितीसा वेळ? शिवाय आपल्या जंगलातले वाघ कमी झाले असं वर कळवायला कोणाला आवडतं! उल्हास कारंथ या पद्धतीतल्या चुका वर्षानुवर्षं सांगत होते. २००२ च्या सुमाराची गणती ३,६४२ वाघ सांगत होती, आणि २००५ मध्ये उघड झालं की राजस्थानच्या सरिस्कात एकसुद्धा वाघ शिल्लक नाही. मग पद्धत बदलली, स्वयंचलित कॅमेरे आले, अंगावरच्या पट्ट्यांवरून वाघ ओळखू लागले. २००६ च्या मोजणीचा आकडा दोन वर्षांनी जाहीर झाला, १,४११. (२०२२ ची मोजणी तीन हजारांच्या वर गेली आहे, तेव्हा हे दुःख आता जुनं झालं.)

आमच्या जिल्ह्यातला सगळ्यात मोठा ठसा लोणारचा. जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंद. आपल्या लोकांनी त्यात लवणासुर पाहिला. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली, आणि पुढच्या विद्वानांनी आजूबाजूला सगळा ज्वालामुखीचाच काळा पाषाण बघून बहुतेक ज्वालामुखीच ठरवला. ते विवर उल्केच्या आघाताचं आहे याचा भक्कम पुरावा शास्त्रीय नियतकालिकात छापून यायला १९७३ साल उजाडलं. म्हणजे दीडशे वर्षं. तिथे मोठमोठे भूगर्भशास्त्रज्ञ चकले, तर मावशींनी महालक्ष्मी पाहिली यात नवल काय?

असो, पुन्हा हिरवळीवर येते. पहिल्या रात्री काहीच आलं नाही. दुसऱ्या रात्री एक मांजर येऊन गेलं, त्याचे छान गोल ठसे. तिसऱ्या सकाळी माती भरून गेली होती. आता घाई करायची नाही असं ठरवून मी मोडा घेऊन बसले आणि ऊन तिरपं येईपर्यंत वाट पाहिली. (हे मी कोणाकडून शिकले ते वर आलंच आहे.) पावलं दोन प्रकारची होती. मागच्या पायाची पाच बोटं आणि लांबट टाच, हीच ती महालक्ष्मी. पुढच्या पायाची चार बोटं आणि आखूड तळवा. म्हणजे चार पायांचं जनावर, पूर्ण तळवा टेकून, डुलत डुलत चालणारं. आणि चिखलात जे दिसलं नव्हतं ते चाळलेल्या मातीत स्पष्ट होतं. पावलांच्या मधून बारीक बारीक समांतर रेघा, जणू कोणी खराटा ओढत नेलाय.

खराटा! मग मात्र मी उठले आणि निशिगंधाचा वाफा खुरप्याने उकरून बघितला. वरून पानं शाबूत, कललेली. खाली अर्धे कंद गायब. आणि कुंपणाच्या खालच्या तारेशी, जिथे माती जरा उकरलेली होती, तिथे एक काटा पडला होता. वीतभर लांब, काळा-पांढरा पट्ट्यापट्ट्यांचा.

साळिंदर! आपल्याकडे सायाळ म्हणतात ती. रात्रीचं बाहेर पडणारं, कंदमुळांवर जगणारं, ठरलेल्या वाटेनेच जाणारं गरीब जनावर. ते काटे फेकून मारतं ही आपली समजूत साफ खोटी आहे. ते पाठ फिरवून उलटं अंगावर येतं आणि सैल काटे समोरच्याच्या अंगात राहतात. जिम कॉर्बेटने मारलेल्या मुक्तेसरच्या नरभक्षक वाघिणीची सुरुवात साळिंदराच्या काट्यांनी जायबंदी होण्यापासून झाली होती. आणि हाच काटा, ज्यावर तीन पांढरे ठिपके असतील तो, गृह्यसूत्रांत सीमंतोन्नयनाला सांगितला आहे. गर्भार स्त्रीचा भांग त्याने पाडायचा. म्हणजे महालक्ष्मीशी अगदीच काही संबंध नाही असं नाही!

भाऊंना काटा दाखवला तर ते म्हणाले, "हे आलं म्हणजे याच्या मागावर बिबट्या येणार." वाघावरून बिबट्यावर आले, हेही कमी नाही. पिंजरा लावू का म्हणून त्यांनी विचारलं. मी नको म्हटलं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे, आणि तसंही वीस-पंचवीस कंदांसाठी कोणाला पकडून उभं करायचं माझं वय राहिलेलं नाही.

चाळलेली माती गोळा करताना माझं स्वतःचं एक पाऊल त्यात उमटलेलं दिसलं. सकाळी अनवाणीच बाहेर आले होते. बोटं पाचही एकमेकींना चिकटलेली.

मावशींना सांगितलं की ही सायाळ आहे, लक्ष्मी नव्हे. त्यांनी काटा उलटासुलटा करून बघितला. "सायाळ तं सायाळ," त्या म्हणाल्या. "म्या हात जोडले ते वाया थोडेच जाते?" आणि उरलेले कंद काढून कुंड्यांत लावायला बसल्या. एक वाफा मात्र आम्ही तसाच ठेवला आहे, रताळ्याचे वेल लावून. कुंपणाची खालची तारही अजून वाकलेलीच आहे.